वळणावरचे क्रूस

मोंटानातल्या त्या पेट्रोलपंपावर ड्वेन कॉफीचे पैसे द्यायला उभा होता. त्याच्यापुढे पोर्तुगालहून आलेला एक पाहुणा गल्ल्यावरच्या लोरेटाला भंडावून सोडत होता.

"ताई, तुमच्या पाट्या काही कळत नाहीत बघा. चौकात चारी बाजूंना 'थांबा'. मग जायचं कुणी?"

"जो आधी आला, तो आधी जातो."

"पण हे ठरवणार कोण?"

"आपलं आपणच, पाहुणे."

"कमाल आहे. बरं, ते चर्च कुठंय?"

"कुठलं चर्च?"

"नदीच्या वळणावर ते पांढरे लोखंडी क्रूस आहेत ना, तीन? ती खूण धरून दोनदा मागे फिरलो. चर्च काही सापडेना."

"तिथं चर्च नाहीच."

"मग क्रूस कशाला?"

"अपघातात कुणी गेलं की त्या जागी एक क्रूस लावतात. मागून येणारे हळू जातात."

"असं होय. एकाला ताजी फुलं होती, म्हणून मला वाटलं, आत प्रार्थना चालू असेल."

ड्वेनने कपाचं झाकण उगाच पुन्हा दाबलं.

"दर मंगळवारी बदलते मी ती. पावती हवीय?"