दिव्यापुरती वायर

हॅलो?… हं, बोल ताई… नाही गं, डेपोतच आहे. काल ती विजेची कचरागाडी ओढून इथेच आणली ना, तिच्यापाशीच उभी आहे… काय? मोठ्यानं बोल, मागे डिझेलची गाडी धूर ओकतेय… हो, तीच जुनी. सोमवारी भाषण करून निरोप दिला तिला, आणि आज बाई पुन्हा कामावर हजर.

हो, हो… मिळाला आदेश. शिपाई आत्ताच देऊन गेला. वाचला. दोनदा वाचला. 'चालकाने रात्री वाहन चार्जिंगला न लावल्यामुळे'… ताई, चालक म्हणजे मी गं! आणि खाली सही कोणाची? वाहन विभाग, वरिष्ठ लिपिक. सख्ख्या बहिणीची सही ओळखता येत नाही होय मला? शेवटच्या अक्षराची शेपटी शाळेपासून तशीच ओढतेस.

नाही, तू ऐक… अगं ऐक ना आधी! रोज लावत होते मी प्लग. रोज. गाडी आत घेतली की पहिलं काम तेच. घट्ट बसलाय का, ओढून बघायचे. चार्जिंगच्या पेटीवरचा हिरवा दिवा बघितल्याशिवाय एक दिवस घरी गेले नाही… हो, लागायचा की. आत्ताही लागलाय. झगझगीत.

मग बंद कशी पडली? तेच तर सांगतेय! सकाळी वायरमनच्या मागे लागून आणलं त्याला, पेटी उघडायला लावली. काय निघालं आत?… काही नाही. एक बारीक वायर, तीही दिव्यापुरती. प्लगला काहीच जोडलेलं नाही, ताई! तो म्हणतो, उद्घाटनाची घाई होती. 'दिवा तेवढा पेटता करा, मोठी केबल नंतर टाकू' असा निरोप आला. ते नंतर काही उजाडलं नाही. फीत कापायला सहा जण, केबल ओढायला एक नाही! कंपनीतून बॅटरी भरून आली होती तेवढ्यावर धावली बिचारी गाडी. आणि मी वेडी, रोज भिंतीला प्लग लावून निवांत घरी जातेय.

हॅलो?… आहेस ना?… मग काहीतरी म्हण की. पेटी पोकळ निघाली म्हणतेय मी, आणि तुझं हूं नाही की चूं नाही…

तुला माहीत होतं.

नाही, राहू दे, सारवासारव करू नकोस. 'माहीत होतं असं नाही' म्हणजे माहीत होतंच. तुझं मला कळतं.

काय?… 'आपण तशी तक्रार नोंदवली होती का?' आपण? मला आपण कधीपासून म्हणायला लागलीस? कागद वाचल्यासारखं काय बोलतेस?… नाही नोंदवली. का नाही नोंदवली, ते तूच सांग ना! मंगळवारी फोन केला होता तुला. बॅटरीचा काटा खाली चाललाय, सकाळी वर आलेला दिसत नाही. काय म्हणालीस? नवी बॅटरी आहे, रुळायला वेळ लागतो. आणि रजिस्टरात लिहू नकोस. शुक्रवारी वरची माणसं पाहणीला येणार, पाच वर्षांत पालिकेच्या सगळ्या गाड्या विजेच्या करू असा गावानं शब्द दिलाय, पहिल्याच गाडीच्या नावावर तक्रार दिसली तर बाकीच्या अडकतील. 'शुक्रवारपर्यंत कळ काढ,' म्हणालीस… हो, हेच शब्द. मी पेनाचं टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का मी?

आणि गुरुवारी दवाखान्याच्या फाटकासमोर बसली ना गाडी. भरलेली. मागे रुग्णवाहिका खोळंबली, वास सुटला, लोक नाक दाबून मला बघतायत. 'बाईच्या हातात दिली की असंच.' गिळलं तेही. म्हटलं, ताई आहे ऑफिसात, ती सांगेल खरं काय ते. तू सांगितलंस, छान सांगितलंस. माझ्यावर ढकलून मोकळी झालीस.

'चालक पदावरून कमी करून मूळ कामावर'… म्हणजे झाडू, ताई. अकरा वर्षं त्या धुराच्या मागे झाडलंय मी. विजेची गाडी येणार म्हटल्यावर गावात सगळ्यांत जास्त कोण नाचलं? मीच ना? पन्नाशीला आले तरी परवाना काढला, शिकायला गेले. फॉर्म तूच भरलास. चार दिवस चालवली गं, आवाज नाही, धूर नाही, गल्लीतली झोपलेली पोरंसुद्धा उठत नव्हती. गाडीचा काही दोष नाही, हे तरी लिहायचं होतंस.

हं… हं… पुन्हा तेच? 'एखाद्या दिवशी विसरली असशील, तेवढं म्हणून टाक'… कोणाला म्हणून टाकू? तुला? घरातल्या घरात मी तुला म्हणून काय होणार आहे?… तिसऱ्यांदा विचारतेयस तू हे…

ताई.

कोण खाकरलं मागे?… नाही, पंखा असा खाकरत नाही… साहेब बसलेत ना तिथे? फोन स्पीकरवर टाकलायस?… ताई, बोल… मी विसरले म्हणायचं, आणि त्यांनी साक्षीला बसायचं, असं ठरलं होतं?…

केसानं गळा कापलास गं.

नमस्कार, साहेब… हो, मीच. बरं झालं, ऐकताय. नाही, विसरले नाही. एकही दिवस नाही. पेटी उघडीच ठेवलीय, वायरमन इथेच उभा आहे, तो लिहून द्यायला तयार आहे. पाहणीची माणसं आज येणार ना? त्यांनाही दाखवते… शांत? शांतच आहे मी. साहेब, जरा थांबा, मला बहिणीशी बोलायचंय…

ताई? रडू नकोस. आधी उत्तर दे. स्पीकर कधी लावलास? पेटी पोकळ आहे हे माझ्याकडून ऐकल्यावर लावलास, की त्याआधी?…

बोल ना…

हं. पहिल्यापासूनच.

ठेवते.