शेवटच्या ओळीतलं नाव

घेवरचंदांना कुणाचं चोरून ऐकायची खोड नव्हती. पण जऊळक्याच्या फलाटावर पाठीमागच्याच बाकावर मदनसिंग गिटार घेऊन बसला होता आणि त्याची बायको रामीबाई तणतणत होती.

“कंपनीवाल्यानं गानं घेतलं नाई?”

“घेत होता. म्हने, शेवटच्या ओळीतलं नाव गाळ.”

“मंग गाळाचं होतं!”

“रचनाऱ्याचं नाव शेवटी येतेच, रामी. तशी रीतच हाये.”

“रेकॉर्ड निघाली असती! आता?”

“आता रिठदच्या बाजारात वाजवीन. तिथं मले अडवनारा कोन?”

“एका नावासाठी एवढा ताठा?”

“माहं असतं तं गाळलं असतं.”

“मंग कोनाचं हाये?”

“कापूस येचता येचता अर्धं गानं कोनं रचलं होतं?”

बाक करकरलं; रामीबाई नवऱ्याजवळ सरकली होती.

“गाडीले टाइम हाये,” ती म्हणाली. “वाजवा. शेवटची ओळ मी म्हनते.”