शेवटच्या गाठीआधी

नाही, एकही दात हलत नाही, लिहा — उद्या भूल देऊन घशात नळी घालताना तुम्ही पाडलात तर माझ्यावर ढकलू नका म्हणजे झालं. ॲलर्जी? औषधांची नाही, माणसांची आहे. हसू नका बाई, फॉर्म भरा. तीस वर्षं मी छाती उघडायची आणि तुम्ही भूल देऊन डोक्याशी स्टुलावर बसायचं, मॉनिटरकडे बघत जांभया द्यायच्या — आणि आज मी या खाटेवर, हा मागून उघडा झगा घालून, आणि तुम्ही मला विचारताय, भीती वाटते का! भीती कसली? बायपास आहे. तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात, तीन नव्या जोडायच्या. आणि जोडणार कोण, तर ते यंत्र! चार हात, आणि म्हणे डोकंही आहे — टाका कुठे घालायचा, दोरा किती ओढायचा, सगळं स्वतःच ठरवतं. अहो, मिक्सरलासुद्धा बटण दाबावं लागतं, याला तेवढंही नको!

हो, मीच मागितलं. मग काय करू, तुमच्या त्या नव्या सर्जनांच्या हाती देऊ छाती? सगळे मीच शिकवलेत, त्यांना काय येतं ते मला ठाऊक आहे — काही येत नाही. येणार कुठून? मी कधी कुणाच्या हातात सुई दिली असेल तर शपथ! धर इथे, ओढ तिथे, हात काढ, बाजूला हो — दहा-दहा वर्षं शेजारी उभे राहिले आणि शिकले काय, तर रक्त पुसायला. शिकलं ते फक्त यंत्र. कंपनीच्या इंजिनिअरांनी ऑपरेशनच्या दिव्याला कॅमेरे लावले, माझी चारशे ऑपरेशनं टिपली आणि त्याला दाखवली. म्हणजे हात माझेच ना? उद्या माझं ऑपरेशन मीच करणार असं धरा — लायक माणूस दुसरा आहे कोण?

आणि ते इंजिनिअर तरी काय! हृदय म्हणजे पंप, एवढंच पाठ. एकदा आले गोंधळून — सर, मशीन एका जागी अडतं, शेवटचा टाका झाला की गाठ मारायच्या आधी चार सेकंद थांबतं, दर वेळी. व्हिडिओत तुम्हीच थांबताय, का? म्हटलं, दोरा ओला होऊ देतो, कोरडा दोरा अडकतो. झालं! माना डोलावल्या आणि यंत्राच्या एका हाताला बारीक पिचकारी बसवून मोकळे. आता ते थांबतं, थेंबभर पाणी टाकतं, मग गाठ मारतं. एवढी शिकलेली माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही, की पाणी तर शेजारची सिस्टर टाकते, त्यासाठी सर्जनला थांबायला कशाला लागतं?

तुम्ही का मान खाली घातलीत? लिहा ना. — तुम्हाला माहीत आहे. पडद्यापलीकडून सगळं दिसतं तुम्हाला, मला काय कळत नाही होय! टेबलावर तो शाळेतला ड्रिल मास्तर, बेचाळीस वर्षांचा. मुंगी समोर उभी — ती शिकाऊ डॉक्टर पोरगी, नाव मीच ठेवलं होतं, तोंडातून शब्द काढायची नाही म्हणून. आणि त्या दिवशी सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलली, 'सर, शेवटचा टाका सैल वाटतोय.' माझ्या टेबलावर! मी म्हटलं, मुंगीनं साखरेपुरतं बघावं. सगळे हसले. तुम्हीसुद्धा. आणि मी मारली गाठ. आयसीयूत नेलं, तासाभरात छातीतल्या नळीची बाटली रक्तानं भरली, परत छाती उघडेपर्यंत माणूस संपला होता. चौकशीत मी काय सांगितलं? गाठ तिनं मारली. तिनं! जिला मी सुई धरू दिली नव्हती कधी. आणि समितीनं मानलं! तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, माझं लक्ष मॉनिटरवर होतं. होतं का हो? — राहू द्या. तिला हाकललं. ती दुसरीकडे शिकली, आता इथेच विभागप्रमुख होऊन आलीय, आणि उद्या यंत्र चुकलं तर हात घालायला शेजारी उभी राहणार तीच.

चार सेकंद. त्या दिवसापासून वाट बघायचो मी, दुसरं काय! कुणीतरी म्हणावं, सर, सैल वाटतोय. चारशे ऑपरेशनं, आणि एक जण बोलला नाही — बोलणार कोण, सगळ्यांची तोंडं मीच शिवली होती. आता ते निर्बुद्ध यंत्र माझ्या छातीत वाट बघत थांबणार, आणि सगळे म्हणणार, वा, पाणी टाकतंय!

तर तिला सांगा — मशीन थांबलं की टाका बघायचा. सैल वाटला तर बोलायचं, मोठ्यानं. माफी-बिफी काही नाही, तसलं काही सांगू नका, मी मागितलेली नाही. फक्त सांगा, ती गाठ माझी होती. तिला माहीतच आहे... तरी सांगा. आणि समितीतला कुणी अजून जिवंत असेल तर त्यालाही. बघताय काय माझ्याकडे? द्या तो फॉर्म, सही करतो. अक्षर बघा तुमचं! आणि वरचं ते खोडा — खालचा एक दात हलतो, डावीकडचा. बरेच दिवस हलतोय. लिहिलंत? मग निघा आता.