शहनाजआपांनी पाहिलेला अफगाणिस्तान

शहनाजआपांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. अकोल्याहून आलेले आपांचे भाऊ रशीदभाई समोर बसले आहेत. त्यांच्यासमोर खरं तर नुसतं रडायला हवं. तरी बोलते. कारण मला दुःखापेक्षा राग जास्त आला आहे.

शहनाजआपा आणि मी इथं अमरावतीत एकाच कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, त्या मानववंशशास्त्र. तरुणपणी त्या संशोधनासाठी अफगाणिस्तानात गेल्या. हेरातजवळच्या खेड्यात, बीबीजान नावाच्या विधवेच्या घरी राहिल्या. काय पाहिलं त्यांनी तिथं? सासूची नक्कल करून पोट धरधरून हसणाऱ्या सुना पाहिल्या. मुलीला शाळेत घालायचं म्हणून दिरांशी भांडणारी बीबीजान पाहिली. तेच प्रबंधात लिहिलं.

मार्गदर्शक म्हणाले, "यात सूड कुठं आहे? टोळ्यांची वैरं कुठं आहेत? हा अफगाणिस्तान वाटतच नाही."

आपा म्हणाल्या, "सर, मले जे दिसलंच नाही, ते मी कसं लिहू?"

प्रबंध कित्येक वर्षं रखडला. आपा हटल्या नाहीत.

पुढे तिकडं पुन्हा सत्ता पालटली. मुलींच्या शाळा बंद झाल्या. एक पत्रकार आपांच्या घरी आला. आपा दोन तास बोलल्या. शाळा बंद करणाऱ्यांवर संतापल्या. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या तिथल्या बायांबद्दलही भरभरून बोलल्या. छापून काय आलं? 'रानटी देशातले माझे दिवस'!

आपांनी फोन लावला. "बापू, रानटी हा शब्द माह्या तोंडून निघाला काय?"

तो म्हणाला, "मॅडम, वाचकांना पटकन समजायला हवं ना."

समजायला! मित्रहो, काय समजलं आपल्याला?

गेल्या वर्षी त्यांचे विद्यार्थी परतवाड्याहून जीपनं मेळघाटात, आदिवासींच्या गावांत राहायला गेले. परत येऊन निबंध वाचले. कुपोषण, दारू, अंधश्रद्धा. आपा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस राहिले ना तुमी? तिथं कोणीच हसलं नाही काय?"

एक मुलगी हळूच म्हणाली, "हसायचे ना मॅडम. आमच्यावरच हसायचे."

"मंग ते काहून नाही लिहिलं?"



आपा गेल्या, त्या सकाळी त्याच पत्रकाराचा मला फोन. "आपांच्या जिवाला तिकडं धोका होता, असा एखादा प्रसंग सांगा ना. बातमी मोठी करू." मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी हेरातहून फोन आला. जिच्या शाळेसाठी बीबीजान भांडली होती, ती तिची मुलगी, जरमीना. आपांकडून शिकलेलं मोडकंतोडकं उर्दू बोलते. तिच्याच मुलीची शाळा आता बंद आहे. ती हुंदके देत होती. पण तिनं पहिला प्रश्न विचारला, "भाईजान ने कुछ खाया? पड़ोस से खाना आया?" दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात, ही रीत तिकडंही आहे.

रशीदभाई, हा निरोप तुमच्यासाठी होता. आज पोचवते आहे.

आता सगळे उभे राहूया. 

आपा, खुदा हाफिज.