बाळाच्या काजळाचा एक्स-रे

तुम्ही हसाल, पण आमच्याकडे एक्स-रे निघाला तो बाळाचा नाही, बाळाच्या काजळाचा.

माझ्या नणंदबाई, ज्योतीताई, इंदूरला प्रयोगशाळेत असतात. अमळनेरला आल्या तेव्हा मी दिव्यावर पाडलेलं काजळ बघून म्हणाल्या, "वहिनी, हा तर निव्वळ कार्बन! आमचं मशीन सौम्य एक्स-रेने हेच बघतं." अन् डबीच घेऊन गेल्या.

नवं पाडायचं राहून गेलं. बाळ पाचोऱ्याच्या बारशाला बिनतिटीचं गेलं आणि परत आलं ते ताप घेऊनच. डॉक्टर म्हणाले, दात येतोय, घाबरू नका. मी कसली ऐकते! रडतच फोन लावला, "ताई, आधी काजळ पाठवा!"

"वहिनी, ते मशीनमध्ये आहे. फोटो पाठवते."

फोटोत द्राक्षांच्या घडासारखे काळे कण. सासूबाईंनी मोबाईल घेतला आणि सरळ बाळाच्या कपाळाला टेकवला. सकाळी ताप गेला, दात दिसला.

दुपारी ताईंचा फोन आला, आवाज रडवेला. "फोटो इतका सुरेख आला की सगळी लॅब बघायला जमली. आणि आता मशीनमधला आरसाच बिघडलाय. शेकडो पातळ थरांचा असतो तो, वहिनी. साध्या आरशावरून हे किरण परततच नाहीत."

सासूबाईंनी फोन ओढला आणि आपल्या अहिराणीत सुनावलं, "बठ्ठास्नी नजर लागनी त्याले! डबी तुनाजोडे शे ना? लाव तीट!"

ताई हळूच म्हणाल्या, "आई, डबी आहे माझ्याजवळ, पण आरशाला बोट लावायची मनाई आहे. मशीनला बाहेरून लावली तर चालेल?"