कोऱ्या ओळीवरचं नाव

गडमुडशिंगीच्या बसमध्ये शिफाच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. तिच्या शेजारी तिशीतली बाई येऊन टेकली.

"आत्ती, रविवारी दूध संस्थेचं मतदान हाय. मी उपाध्यक्षाला उभारलोय."

"कुठल्या पॅनेलातनं गं, वर्षाराणी?"

"फुटलेल्या."

"आनि अध्यक्षाला कोण?"

"त्यो काल परत फुटला. गेला जुन्यांच्यात."

"मग तू कुणाची उपाध्यक्ष?"

"निवडून येईल त्याची. दुधाची फॅट मोजताना आपल्याला दाराभाईर ठेवत्यात. मला आत उभारायचं हाय."

"बरं. शिक्का कशावर मारू?"

"शिक्का न्हाय. आमी फुटेस्तोवर मताच्या चिठ्ठ्या छापून झाल्या. खाली कोरी ओळ हाय, तितं माजं नाव हातानं लिवायचं."

"मला नुसता अंगठा येतोय, पोरी."

"म्हनून तर शेजारी बसलोय. तिकिटाच्या मागं लिवून शिकिवतो. पेन हाय का कुणाकडं?"

शिफानं पेन पुढं केलं.

"थांब. जल्मात पयल्यांदा लिवनार, ते तुजं नाव व्हय? आदी माजं शिकीव. धोंडुबाई."

"आत्ती, आपला स्टॉप आला की!"

"जाऊ दे. फुडं उतरू, चालत माघारी येऊ."

शिफाचाही स्टॉप तोच होता. ती उठली नाही.