उघडं पडलेलं मत

आमचा पाडा डोळखांबच्या वरच्या अंगाला, ताई. तुमी आसनगावला उतरलात, तिथून शापूर, मग डोळखांब, आनि डोळखांबच्या पुढं जीप सोडली का पाय हायेतच. माजा जन्म इथलाच. कंच्या सालातला ते काय सांगू तुमाला, आयला इचारलं तर ती बोलायची, नाचनी लावायला घेतली व्हती आनि तू आलास. शाळेत मास्तरानं अंदाजानं तारीख टाकली, त्याच तारखेवर मी कोतवाल झालो आनि त्याच तारखेवर रिटायर झालो. नाचनीचं कुनी इचारलं नाय.

कोतवाल म्हंजे पोलीस नाय बरं का, शहरातली मानसं तसं समजतात. कोतवाल म्हंजे तलाठ्याचा हात. नोटीस पोचवायची, दवंडी द्यायची, सायब आला का वाट दाखवायची. आनि इलेक्शन आली का शाळा झाडायची, बाकडी लावायची, सायब लोकांचं सामान खालून वर आनायचं. आधी लोखंडाच्या पेट्या व्हत्या, डोक्यावर घेऊन मी नाल्यातनं चढायचो. रिकामी पेटी वाजायची, परत जाताना मतं भरलेली असायची तर मुकी व्हायची. मला वाटायचं, आता हिच्या पोटात मानसं हायेत, सावकाश चालावं, कुनाला धक्का नको. हसू नका, खरंच वाटायचं.

ग्रामपंचायतीची इलेक्शन म्हंजे भांडनं. भावकी फुटते, बोलनं बंद होतं. आमदारकीला पन जीपा येतात, माईक वाजतो. पन खासदारकीची इलेक्शन मला लई आवडायची. कारन तिच्यात आमच्या ओळखीचं कुनीच नसायचं. आमदार एखाद्या लग्नात तरी दिसतो, खासदार म्हंजे आमाला डोंगरापल्याडचा ढग. कुठं पडतो, कुठं नाय, आमाला काय ठाव. आधी आमचा मतदारसंघ समुद्राकडच्या गावाच्या नावानं व्हता, ते गाव मी अजून बघितलं नाय. मग नवी आखनी झाली. तलाठी बोल्ला, आता आपन भिवंडीत. मी बोल्लो, आपन हाललो कवा, तर तो हसून हसून खाली बसला. पन मी मनात घेतलं. म्हंजे आता मुरबाडवाले आपल्यात, कल्यानवाले आपल्यात, भिवंडीचे कापडाचे मागवाले पन आपल्यात. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसून डोळे मिटले का मला तो सगळा मुलूख दिसायचा. टोकावड्याकडची मानसं घाटाखालून येतायत, मागाच्या खडखडाटातनं कुनी हात पुसत येतोय, खाडीकडची बाय मासळीची पाटी ठेवून येतीय, आनि सगळी एकाच रांगेत, एकाच टायमाला, बोट पुढं करून उभी. कुनी कुनाला ओळखत नाय. आनि त्या रांगेचं शेवटचं टोक माज्या पायरीशी. चांगुना बोलायची, जागे व्हा, सायब हाक मारतोय. चांगुना माजी बायको. ती बघा, तिकडं नाचनी पाखडतीय.

तर तिचीच गोष्ट हाय ही. माजी नाय.

तुमी येताना धरनाचं पानी बघितलं असंल. डोंगरावर चढलं का ते असं चमकतं, जसं कुनी काच पसरून ठेवलीय. पन ते पानी मुंबैला जातं. आमच्या बाया चैत-वैशाखात खाली झऱ्यावर बसतात, वाटीनं पानी हंड्यात भरतात, एक हंडा भरायला सकाळ जाते. टँकर यायचा, पन टँकरवाल्या शेठच्या मनावर. आला तर आला. आनि एका उन्हाळ्यात खासदारकीची इलेक्शन लागली, आनि टँकर बारा दिवस नाय आला. तवा चांगुनानं पाड्यातल्या बाया गोळा केल्या. मधल्या अंगनात एक रिकामा हंडा पालथा घातला. बोल्ली, पानी नाय तर मत नाय, ह्या हंड्यावर हात ठेवा. बायांनी ठेवला, मग बापयांनी पन ठेवला. मी उभा व्हतो. मी कोतवाल, सरकारचा मानूस, माजाच हात तेवडा खाली. चांगुना माज्याकडं बघून बोल्ली, ह्यांना सोडा, ह्यांची नोकरी हाय.

आनि दुसऱ्याच दिवशी तो शेठ मला डोळखांबच्या नाक्यावर भेटला. तो एका उमेदवाराचा मानूस, तहसीलात त्याची उठबस. माज्या खांद्यावर हात ठेवून गोड बोल्ला, कोतवाल, पाड्याचं जाऊ दे, तुजं मत आपल्या चिन्हाला हाय ना, नायतर बायको बहिष्कार करते नि नवरा सरकारी मानधन खातो, असा एक अर्ज टाकायला कितीसा टाइम लागतो. मी मान हलवली. घरी सांगितलं फक्त चांगुनाला.

मतदानाचा दिवस उजाडला. मोठे सायब म्हंजे मुरबाडकडचे एक मास्तर, चांगला मानूस, चष्म्याला दोरी बांधलेला. सकाळी मशीन लावली, आनि मग काय सांगू तुमाला, कुनीच नाय. दहा वाजले, कुनी नाय. बारा वाजले, कुनी नाय. एजंट म्हनून बसायला पन कुनी आला नाय. शाळेच्या मागं मोहाची झाडं, फुलांचा वास येवडा दाट का डोकं जड व्हावं. पोलीस भिंतीला टेकून पेंगला. याद्या वाऱ्यानं आपल्याआपन उलटायच्या, जशी कुनी नावं शोधतंय. पाड्यात कोंबडं आरवलं तरी आमी सगळे दाराकडं बघायचो. मला तर वाटायला लागलं का आमी आज इथं नायच, आमी कुनाच्या तरी झोपेत बसलोय, तो मानूस उठला का शाळा, मशीन, आमी, सगळं जानार.

यायची फक्त चांगुना. डोक्यावर हंडा घेऊन, तीन वेळा आली. झऱ्यावरचं पानी, वाटीवाटीनं भरलेलं, सायब लोकांना प्यायला. सायब शरमून बोल्ले, मावशी, कशाला तुमच्या वाटचं पानी. ती बोल्ली, तुमी पाव्हने, तुमच्याशी काय भांडन. हंडा ठेवायची नि मशीनकडं न बघता जायची.

चारच्या सुमाराला सायब बोल्ले, कोतवाल, तुमचं नाव ह्याच यादीत हाय ना, मग तुमी तरी करा, हा शून्य लिवायला माजा हात धजत नाय. मी उठलो. आता कसा उठलो ते इचारू नका. आयुष्यभर पेट्या वाहिल्या, कवा मत चुकवलं नव्हतं. सही केली, बोटाला शाई लागली, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. आत थंड वाटलं, देवळात वाटतं तसं. ती सगळी रांग आठवली, खाडीपासनं घाटापर्यंतची. आनि माजं बोट शेठच्या चिन्हावर काय गेलं नाय, ताई. दुसरीकडं गेलं. कुठं ते नाय सांगत. मशीन वाजली, पोलीस दचकून जागा झाला.

भायेर आलो तर सायबांचं तोंड उतरलेलं. वहीत एक आकडा लिवला व्हता नि त्याच्याकडंच बघत व्हते. हळू आवाजात बोल्ले, कोतवाल, माजी चूक झाली, मी तुमाला सांगायला नको व्हतं. मी बोल्लो, का हो सायब. ते बोल्ले, मोजनी झाली का केंद्राकेंद्राचा आकडा भायेर येतो, ह्या केंद्रावर एकच मत, यादीत रेघ एकाच नावाखाली, मग ते कुनी कुनाला दिलं हे झाकनार कसं.

पायरीवर बसलो. शेठचा हात परत खांद्यावर आला असं वाटलं.

तेवड्यात चांगुना हंडा न्यायला आली. तिनं माजं बोट बघितलं, मग तोंड बघितलं. मी सगळं सांगितलं. ती येवडंच बोल्ली, त्याच्या चिन्हाला दिलं? मी बोल्लो, नाय. तिनं पदर खोचला, हंडा तिथंच टाकला नि निघून गेली. मला वाटलं, रागावली. तिनं सगळ्या पाड्याला शपथ घातली नि घरचाच मानूस बोटाला शाई लावून बसला, रागवेल नायतर काय करंल.

ऊन पिवळं झालं व्हतं. सायब मशीन बंद करायची वेळ बघत व्हते. आनि वरनं, उतारावरनं, बाया येताना दिसल्या. एकामागं एक, पायवाट तेवडीच हाय. पुढं चांगुना. मोजल्या मी, अकरा. पिवळ्या उजेडात त्यांचे पाय भुईला लागतायत का नाय ते कळत नव्हतं, मला वाटलं माजं सपान असंल, मीच डोळे चोळले. आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, एकेकीनं अंगठा दिला, बोट पुढं केलं, आत गेली, मशीन वाजली. चांगुना सगळ्यात शेवटी. आत लई येळ थांबली. भायेर आली, रिकामा हंडा उचलला नि माज्या बाजूनं गेली, वळून बघितलं नाय.

मागनं मला शेजारनीनं सांगितलं. वर जाऊन ही बायांना बोल्ली व्हती, आपन हात ठेवला तो भांडायला ठेवला, आपल्यातल्याच मानसाला उघडं पाडायला नाय ठेवला. बापये लई चिडले. कुनी आलं नाय त्यांच्यातलं. कुनी बोल्लं, हिनं शेठकडनं काय घेतलं असंल. पावसाळाभर तिच्याशी निम्मा पाडा बोल्ला नाय. लावनीला कुनी बोलावलं नाय, आमी दोघांनीच लावली. आनि तिला खरं सांगता येत नव्हतं, सांगितलं तर मी उघडा. वर तालुक्याला लोक बोलायला मोकळे, तुमी मतदान केलंत ना, मग कसला बहिष्कार. तिचं भांडन पन गेलं नि नाव पन गेलं. माज्यासाठी.

मोजनी झाली. आठ दिवसानी तो शेठ परत नाक्यावर भेटला. मी वळनार तर त्यानंच हाक मारली, हसत बोल्ला, कोतवाल, तुमच्या पाड्यातनं आपल्या चिन्हाला बरोब्बर एक मत आलंय, मी काय तुला ओळखत नाय का, मर्दा, तुजी कोतवालकी पक्की. पाठीवर थाप मारली नि गेला.

मी तिथंच उभा. एक मत. मी तर दिलं नव्हतं. त्या बायांमधली एक पन त्या मानसाला द्यायची नाय, त्याच्या टँकरपायी त्यांचे मनके गेलेत. मग कुनी दिलं?

घरी आलो. ती चुलीशी बसलेली. मी इचारलं, चांगुना, आत येवडा येळ काय करत व्हतीस गो. ती बोल्ली, मशीनमधलं इचारायचं नसतं, तुमी कोतवाल ना? आनि भाकर ताटात टाकली. त्यानंतर मी कवा इचारलं नाय.

आता मी रिटायर. शेठनं पन धंदा सोडला, पोराकडं शहरात ऱ्हातो बोलतात. पाड्यात नळ आलाय, दोन दिसाआड पानी येतं, कवा येत पन नाय, तरी झऱ्यावरची वाटी सुटली. कुनामुळं आला कुनाला ठाव, जो तो आपलंच नाव सांगतो. बोलनं सगळ्यांचं परत सुरू झालंय, पन ती शपथ मोडल्याचा बोल तिच्यावर ऱ्हायला तो ऱ्हायलाच. म्हनून तुमाला बोलावलं. काल तिला इचारलं, ताईला सांगू का. ती बोल्ली, सांगा, आता आपलं कोन काय काढून घेनार. तर लिवा, नीट लिवा, तुमचं भलं होवो. पाड्यातली पोरं शिकलेली हायेत, वाचतील.

ते एक मत कुनाचं, ते मी नाय सांगू शकत. ती तिकडं बसलीय, कान आपल्याकडंच हाय. तुमी बायमानूस, तुमीच इचारून बघा.

बघा, हसली. येवडंच सांगते ती.